टेबलावर दोन यंत्रं पुरतात: हार्डवेअर सेटअप आटोपशीर कसा करायचा

गेल्या एक-दोन वर्षांत ज्यांनी हौसेने सिंथ (विजेवर सूर तयार करणारं वाद्य), ड्रम मशीन, सॅम्पलर (आवाज रेकॉर्ड करून वाजवणारं यंत्र) अशी यंत्रं जमवली आणि आता ज्यांचं एकही गाणं पूर्ण होत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. टेबलावर जागा नाही, मागे केबलींचा गुंता, मेमरीत चार-चार बारचे, म्हणजे चार-चार आवर्तनांचे पुन्हापुन्हा वाजणारे ढीगभर लूप आणि पूर्ण ट्रॅक मात्र शून्य. पुष्कळांची गाडी इथेच अडते. यावर उपाय आहे, आणि तो आणखी एक यंत्र घेण्यात नाही.

हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून अख्खी रेकॉर्ड केली. त्यासाठी त्यांनी वापरली ती रोलंडची तीन यंत्रं: ज्युपिटर-८ हा सिंथ, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेसचं यंत्र. यंत्रांनी एकमेकांना सूर-ताल कळवायची मिडी ही पद्धत तेव्हा बाजारात यायची होती. टीबी-३०३ मध्ये ऑसिलेटर (मूळ आवाज तयार करणारा भाग) एकच, त्यातून आवाजाचे पर्यायही मोजकेच. तरी काम झालं, कारण ठेका एकाकडे, बेस दुसऱ्याकडे आणि सूर तिसऱ्याकडे अशी वाटणी स्वच्छ होती. आपल्या टेबलांवर नेमकी ही वाटणी बिघडलेली असते. ठेक्याला तीन यंत्रं, क्रम लावायला पाच सीक्वेन्सर (कुठला सूर कधी वाजेल ते साठवून वाजवणारी सोय), आणि रेकॉर्डिंग मात्र कोणाच्याच वाट्याला नाही.

उदाहरण म्हणून पुण्यातल्या एका मित्राचं टेबल घेतो. त्यावर होतं ते असं: इलेक्ट्रॉनचा डिजिटॅक्ट हा सॅम्पलर (पहिली आवृत्ती), आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक हा सिंथ, कॉर्गचे व्होल्का बीट्स हे ड्रम मशीन आणि व्होल्का बेस हा बेसचा सिंथ, रोलंडचा एसपी-४०४ एमके२ हा सॅम्पलर, आर्टुरियाचा कीस्टेप हा पट्ट्यांचा कीबोर्ड, आठ चॅनलचा छोटा मिक्सर, एक डिले (पडसादाचं) पेडल, एक रिव्हर्ब (घुमाऱ्याचं) पेडल, आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप. यातलं एकही यंत्र टाकाऊ नाही, म्हणूनच काय काढायचं हे ठरवणं अवघड जातं. तुमच्याकडची नावं वेगळी असतील, पण रीत हीच चालेल.

पायरी १: यंत्रांची नव्हे, कामांची यादी करा

एक कागद घ्या. त्यावर यंत्रांची नावं लिहू नका, गाण्यात लागणारी कामं लिहा: ठेका, बेस, कॉर्ड किंवा धून, मागे तंबोऱ्यासारखा सतत चालणारा ड्रोन किंवा पोत, या सगळ्यांचा क्रम लावणं, आवाज एकत्र करणं, रेकॉर्ड करणं. बहुतेक नाचाच्या किंवा अँबियंट (शांत, वातावरणी) संगीताला याहून जास्त लागत नाही.

मग प्रत्येक कामासमोर ते काम करू शकणारी तुमच्याकडची सगळी यंत्रं लिहा. मित्राच्या कागदावर ठेक्यासमोर डिजिटॅक्ट, व्होल्का बीट्स आणि एसपी-४०४ अशी तीन नावं आली. क्रम लावण्यासमोर डिजिटॅक्ट, कीस्टेप, मायक्रोफ्रीक, दोन्ही व्होल्का, एसपी-४०४ आणि लॅपटॉप. एका कामाला सात उमेदवार! प्रत्येकाची बटणं वेगळी, पॅटर्न साठवायची पद्धत वेगळी, पॅटर्नची लांबी वेगळी. बसल्यावर पहिला अर्धा तास कुठे जातो ते त्या एका ओळीत दिसत होतं.

यादी करताना किंमत लिहू नका. ‘एवढे पैसे घातलेत’ हा विचार या टप्प्यावर फक्त अडथळा आणतो.

पायरी २: गाणं शेवटी कुठे जाणार ते ठरवा

तीन शक्यता असतात. गाणं लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करून पूर्ण करायचं, लोकांपुढे थेट वाजवायचं, किंवा रात्री हेडफोन लावून स्वतःपुरतं वाजवायचं. तिन्हींना वेगळा सेटअप लागतो, आणि तिन्ही एकाच टेबलातून साधायला गेलं की टेबल फुगतं.

रेकॉर्डिंग हे उद्दिष्ट असेल तर एका वेळी एकच आवाज नीट घेता आला तरी भागतं. बाकीचे आवाज एकामागून एक घेता येतात, त्यामुळे मोठा मिक्सर लागत नाही. थेट वाजवायचं असेल तर सगळं एकदम चालायला हवं, पण ते एका पाठपिशवीत मावायलाही हवं. स्वतःपुरतं वाजवायचं असेल तर एका बटणावर सुरू होणारं एकच यंत्र उत्तम. नवोदितांना माझा सल्ला असा की पहिलं वर्ष रेकॉर्डिंग हेच उद्दिष्ट ठेवा. गाणी पूर्ण करायची सवय तिथे लागते.

पायरी ३: मेंदू एकच ठेवा

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो, म्हणून इथे जरा थांबू.

मिडी १९८३ साली आलं आणि त्याचा मूळ वेग अजून तोच आहे: सेकंदाला ३१,२५० बिट. एक सूर ‘वाजव’ म्हणून सांगायला तीन बाइट लागतात, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद. एका केबलीत १६ चॅनल असतात. तालासाठी वेगळा संदेश जातो, त्याला क्लॉक म्हणतात. दर ठोक्याला २४ वेळा तो पाठवला जातो, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत सेकंदाला ४८ वेळा.

क्लॉक पाठवणारं यंत्र एकच असलं पाहिजे. ते प्ले म्हणेल तेव्हा बाकीच्यांनी सुरू व्हायचं, ते थांबेल तेव्हा थांबायचं. घरच्या सेटअपमध्ये ‘ताल सुटतो’, ‘सूर दोनदा वाजतो’, ‘मध्येच लय दुप्पट होते’ अशा तक्रारी बहुतेक वेळा दोन कारणांनी येतात. एक तर दोन यंत्रं क्लॉक पाठवत असतात, नाहीतर तोच संदेश फिरून परत पहिल्या यंत्राकडे येत असतो. लॅपटॉप यूएसबीने जोडलेला असेल तर आधी त्याच्या सॉफ्टवेअरमधलं क्लॉक पाठवणं बंद आहे ना ते बघा. ते नकळत सुरू राहिलेलं असतं.

मेंदू म्हणून कोण निवडायचं? ज्यात एकाच जागी जास्तीत जास्त ट्रॅकचा क्रम दिसतो आणि जो प्रोजेक्ट साठवून दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा उघडतो, तो. मित्राच्या टेबलावर तो डिजिटॅक्ट होता. त्यात आवाजाचे ८ ट्रॅक आहेत आणि दुसऱ्या यंत्रांना वाजवणारे ८ मिडी ट्रॅक वेगळे. एका मिडी ट्रॅकवर एका वेळी चार सुरांपर्यंतची कॉर्ड ठेवता येते, आणि मायक्रोफ्रीकलाही चारच सूर एकदम वाजवता येतात. दोघांचं जमलं.

जोडणी अशी केली. डिजिटॅक्टच्या सेटिंग्जमध्ये क्लॉक आणि ट्रान्सपोर्ट (सुरू-बंदचे संदेश) पाठवणं चालू, घेणं बंद. मायक्रोफ्रीक चॅनल २ वर. डिजिटॅक्टच्या मिडी आउटमधून पाच पिनांची केबल निघते, पण मायक्रोफ्रीकला ३.५ मिलिमीटरचा बारका मिडी जॅक आहे, म्हणून मध्ये त्याचा जोड लागतो. इथे एक काळजी घ्या. या बारक्या जॅकच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जाती आहेत. २०१८ मध्ये ‘ए’ हे मानक ठरलं, पण त्याआधीची काही यंत्रं ‘बी’ पद्धतीची आहेत. जोड चुकीचा लावला तर काही बिघडत नाही, फक्त सूर पोचत नाहीत, आणि माणूस संध्याकाळभर सेटिंग्ज तपासत बसतो.

मेंदू ठरला की बाकीच्यांचे सीक्वेन्सर वापरायचे नाहीत. यंत्रात सोय आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही. कीस्टेपची गरज इथेच संपली, कारण मायक्रोफ्रीकला स्वतःची स्पर्शपट्टी आहे आणि क्रम डिजिटॅक्ट लावतो. ज्याला खऱ्या पट्ट्यांवर दोन्ही हातांनी वाजवायची सवय आहे, हार्मोनियम किंवा पियानो शिकलेला आहे, त्याने मात्र कीस्टेप काढू नये. बोटांना जे येतं ते टेबलावर राहिलं पाहिजे.

पायरी ४: नॉबची कसोटी

आता एकाच कामाला जी दोन-तीन यंत्रं उरलीत त्यांतलं कोण राहणार? मी एकच प्रश्न विचारतो: गाणं चालू असताना या यंत्राच्या नॉबकडे तुमचा हात जातो का?

जात असेल तर ते यंत्र वाजवायचं वाद्य आहे, ते ठेवा. हात जात नसेल आणि तुम्हाला त्याचा फक्त आवाज आवडत असेल, तर तो आवाज सॅम्पल करून ठेवा आणि यंत्राला रजा द्या.

व्होल्का बीट्स या कसोटीवर लगेच बाहेर पडला. त्याचा किक मित्राला फार आवडायचा, पण तो एकदा लावला की त्याला कोणी हात लावत नव्हतं. किक, स्नेअर, उघडी आणि बंद अशी दोन्ही हाय-हॅट (झांजा) असे सगळे आवाज वेगवेगळ्या सेटिंगवर डिजिटॅक्टमध्ये घेतले. व्होल्का बेसची गोष्ट अवघड होती. त्याच्या फिल्टरचा कटऑफ (आवाजातला तीक्ष्णपणा किती कापायचा ते ठरवणारा नॉब) चालू गाण्यात हळूहळू उघडत नेण्यात मजा आहे, आणि ती हालचाल एका सॅम्पलमध्ये मावत नाही. डिजिटॅक्टच्या प्रत्येक ट्रॅकला स्वतःचा फिल्टर आहे, पण तो वेगळा ऐकू येतो. ‘सारखाच आहे’ असं कोणी म्हटलं तर त्यावर इथे विसंबू नका, कानाला पटतं का ते बघा. मित्राला पटलं. तुम्हाला पटलं नाही तर बेस ठेवा आणि दुसरं काहीतरी काढा.

एसपी-४०४ बद्दल मतभेद होतील. त्याच्या इफेक्टवर प्रेम करणारे पुष्कळ आहेत, आणि ज्यांचं सगळं संगीतच सॅम्पल कापून, पॅडवर हाताने वाजवून होतं त्यांच्यासाठी तोच मेंदू असायला हवा, डिजिटॅक्ट नव्हे. एकाच टेबलावर दोन सॅम्पलर नवोदिताने ठेवू नयेत एवढंच माझं म्हणणं. सॅम्पल कुठल्या यंत्रात ठेवला हे शोधण्यातच उत्साह संपतो.

पायरी ५: काढण्याआधी आवाज नीट घ्या

सॅम्पल घाईत घेतला की यंत्र गेल्यावर हळहळ वाटते. म्हणून ही पद्धत.

यंत्रातले सगळे इफेक्ट बंद करा. कोरडा आवाज घेतला तर त्याला नंतर हवा तसा रिव्हर्ब देता येतो, आवाजात मिसळलेला रिव्हर्ब काढता मात्र येत नाही. बेससारखा सुराचा आवाज असेल तर एकच सूर घेऊन भागत नाही. डिजिटॅक्टमध्ये सॅम्पल दोन सप्तकं वर-खाली करता येतो, पण फार लांब नेला की वर चिपमंकसारखा आणि खाली चिखलासारखा होतो. म्हणून दर चार सेमीटोनांनी (सप्तकाच्या बारा सुरांतल्या चार पायऱ्यांनी) एक सूर घ्या: सा, मग शुद्ध गंधार, मग कोमल धैवत, मग वरचा सा. एका सप्तकाला तीन नमुने. प्रत्येक सूर पूर्ण विरेपर्यंत थांबा. फिल्टर एकदा पूर्ण उघडा ठेवून आणि एकदा अर्धवट ठेवून, असे दोन संच करा.

व्होल्काचा आवाज ३.५ मिलिमीटरच्या हेडफोन जॅकमधून निघतो. तो जॅक स्टिरिओ आहे. त्यात साधा मोनो जोड खुपसू नका, एक बाजू जमिनीला भिडते, म्हणजे शॉर्ट होते. एका टोकाला ३.५ चा स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला ६.३५ चे दोन मोनो जॅक अशी केबल मिळते, ती घ्या आणि दोनपैकी एकच टोक लावा. लेव्हल एवढीच ठेवा की सगळ्यात जोरात वाजणारा सूरही फाटणार नाही.

फाइलींना नावं देताना यंत्र, आवाज आणि सूर लिहा. ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशा नावांनी ठेवलेलं सहा महिन्यांनी तुमचं तुम्हालाच सापडणार नाही. आणि हो, सॅम्पलर राहणार आहेच, तर गणपतीत फोनवर रेकॉर्ड केलेला ताशाही त्यात घाला. त्याची एक कडकड दुकानातल्या कुठल्याही ड्रम मशीनमध्ये मिळत नाही.

पायरी ६: मिक्सर काढता येतो का ते बघा

पुष्कळांना मिक्सर अपरिहार्य वाटतो. पण दोनच आवाजाची यंत्रं राहिली की तो काय करतो? केबली वाढवतो, थोडी सरसर वाढवतो आणि टेबलाचा कोपरा अडवतो.

डिजिटॅक्टला मागे दोन ऑडिओ इनपुट आहेत. मायक्रोफ्रीकचं आउटपुट मोनो आहे, ते त्यातल्या एकात गेलं. इनपुटला डिजिटॅक्टच्या आतला डिले आणि रिव्हर्ब देता येतो, त्यामुळे दोन्ही पेडलंही निघाली. दुसरं इनपुट मोकळं राहिलं, त्यात उद्या काहीही येऊ शकतं. डिजिटॅक्ट आवाज यूएसबीनेही लॅपटॉपला पाठवतो, म्हणजे फक्त रेकॉर्डिंगपुरता ऑडिओ इंटरफेससुद्धा लागेनासा झाला. मित्र अधूनमधून गातो, त्याला मायक्रोफोन लागतो, म्हणून इंटरफेस कपाटात ठेवला, टेबलावर नाही.

तुमच्या यंत्राला इनपुट नसेल तर दोन इनपुटच्या इंटरफेसमध्ये दोन यंत्रं थेट लावा. दोन यंत्रांना आठ चॅनलचा मिक्सर नकोच.

केबली कमी झाल्या की गुणगुणही कमी होते. सिंथच्या ६.३५ च्या साध्या केबली असंतुलित (बाहेरची गुणगुण रद्द करायची सोय नसलेल्या) असतात आणि त्या लांब असतील तर आसपासचं सगळं गोळा करतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्पीकरमधून येणारी घूं ५० किंवा १०० हर्ट्झवर असते. तिचं मूळ बहुधा ग्राउंड लूपमध्ये असतं, म्हणजे एकाच जमिनीला दोन वेगळ्या वाटा मिळालेल्या असतात. शोधायचं असं: सगळं चालू ठेवून आधी लॅपटॉपचा चार्जर काढा. मग यूएसबी केबल काढा. ज्या क्षणी घूं थांबेल ते कारण. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावल्यानेही पुष्कळदा प्रश्न सुटतो. अर्थिंगची पिन कापणं किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडात घालणं हा उपाय नाही. त्यात जिवाला धोका आहे. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर बोर्डाला अर्थिंग मुळात आहे का, हे एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

पायरी ७: महिनाभर खोक्यात

काढलेलं यंत्र लगेच विकू नका. खोक्यात घाला, खोक्यावर तारीख लिहा आणि माळ्यावर टाका. महिनाभर टेबलावर राहिलेल्या यंत्रांवरच काम करा.

खोक्यात ठेवताना बॅटरीचे सेल काढाच. व्होल्कात सहा डबल-ए सेल असतात, आणि ते गळले की आतले संपर्क हिरवे पडतात. पावसाळा असेल तर सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात दमट हवेमुळे नॉब फिरवताना खरखर यायला लागते, आणि पडून राहिलेल्या यंत्रांत ती लवकर येते.

जुना सिंथ असेल तर आणखी एक. १९८४ च्या ज्युनो-१०६ सारख्या यंत्रांत आवाज साठवायला आत एक नाणंसेल असतो. तो संपला की साठवलेले आवाज जातात. माळ्यावर टाकण्याआधी मिडीने त्यांचा बॅकअप लॅपटॉपवर घ्या.

महिन्याभरात एखाद्या यंत्राची आठवण कशी येते याकडे लक्ष द्या. ‘इथे अमुक आवाज हवा होता, तो सॅम्पलमधून मिळत नाही’ अशी नेमकी आठवण आली तर ते परत आणा. ‘असतं तर बरं झालं असतं’ अशी मोघम आठवण आली तर राहू द्या.

पायरी ८: राहिलेल्या यंत्रांवर एक गाणं पूर्ण करा

हे केल्याशिवाय सेटअप कमी झाला असं मी म्हणणार नाही, नुसतं टेबल स्वच्छ झालं.

गाणं तीन-चार मिनिटांचं पुरे. आधी एकच पॅटर्न करा, त्यात शेवटी जे जे वाजणार आहे ते सगळं घाला: ठेका, बेस, धून, पोत. हा तुमच्या गाण्याचा सगळ्यात भरलेला भाग. मग त्याच्या प्रती करा आणि प्रत्येक प्रतीतून काहीतरी काढा. एका प्रतीत फक्त किक आणि ड्रोन, एकीत धून नाही, एकीत बेस नाही. या प्रती एकामागे एक वाजवल्या की गाण्याचा सांगाडा उभा राहतो. लूपमधून गाण्याकडे जायची याहून सोपी वाट मला माहीत नाही.

आठ ट्रॅक कमी पडतील. पडू द्या. दोन हाय-हॅट एकाच ट्रॅकवर ठेवा, बंद वाजला की उघडा थांबतो, खऱ्या झांजांतही तेच होतं. कॉर्डचे तीन सूर तीन ट्रॅकवर न ठेवता मायक्रोफ्रीकवर कॉर्ड वाजवून तिचाच सॅम्पल घ्या आणि एका ट्रॅकवर ठेवा. आता मायक्रोफ्रीक धून वाजवायला मोकळा. असं एका यंत्राकडून दोन-तीन कामं करून घेताना ते यंत्र खरं कळायला लागतं. माहितीपत्रकातली पानं वाचून ते कळत नाही.

रेकॉर्ड करताना आधी सगळं एकदम स्टिरिओ घ्या, म्हणजे गाणं हातात राहील. नंतर प्रत्येक ट्रॅक वेगळा घ्या. ओव्हरब्रिज हे इलेक्ट्रॉनचं सॉफ्टवेअर डिजिटॅक्टचे ट्रॅक यूएसबीवरून वेगवेगळे देतं. ते नसेल तर बाकीचे ट्रॅक म्यूट करून एकेक घ्यायचा, वेळ लागतो एवढंच.

पायरी ९: विकायचं ते नीट विका

महिना झाला, आठवण आली नाही, तर विका. घरी पडून यंत्राची किंमतही उतरते आणि तब्येतही.

विकण्याआधी तुमचे प्रोजेक्ट आणि आवाज लॅपटॉपवर घ्या, मग यंत्र फॅक्टरी रीसेट करा. मूळ खोकं, ॲडॉप्टर आणि बिल असेल तर सोबत द्या. प्रत्येक नॉब आणि बटण चालतं हे दाखवणारा एक सलग व्हिडिओ काढा. घेणाऱ्याला विश्वास वाटतो आणि नंतरचे वाद टळतात. शक्य असेल तर समोरासमोर, विजेचा पॉइंट असेल अशा जागी भेटा आणि त्याला वाजवू द्या.

ॲडॉप्टरची अदलाबदल हा खरा धोका आहे. व्होल्का ९ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या जॅकच्या मधल्या पिनेला धन ध्रुव आहे. गिटारची बहुतेक पेडलंही ९ व्होल्टचीच, पण त्यांच्या मधल्या पिनेला ऋण ध्रुव असतो. व्होल्ट सारखे दिसले म्हणून टोकं बदलता येणारा ॲडॉप्टर उलटा लावला तर यंत्र जळू शकतं. प्रत्येक ॲडॉप्टरवर आजच पांढरी पट्टी चिकटवा आणि यंत्राचं नाव लिहा.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. परदेशातल्या भावाने किंवा मावशीने आणलेलं जुनं यंत्र असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानचं असेल तर १०० व्होल्ट, अमेरिकेचं असेल तर १२० व्होल्ट, आणि आपल्या भिंतीत २३० आहेत. आजकालचे बरेच ॲडॉप्टर १०० ते २४० पर्यंत चालतात, पण आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या यंत्रांना स्टेप-डाउन लागतोच.

नवं घ्यायचंच झालं तर

कागद पुन्हा काढा. ज्या कामासमोर एकही नाव नाही, तिथेच नवं यंत्र येऊ शकतं. मित्राच्या कागदावर आता रेकॉर्डिंगचा लॅपटॉप सोडला तर डिजिटॅक्ट आणि मायक्रोफ्रीक अशी दोनच नावं आहेत आणि एकही ओळ रिकामी नाही. त्याला काय हवंय असं विचारलं तर तो चांगले हेडफोन म्हणतो, आणि ते त्याने घ्यावेत. फ्लॅटमध्ये रात्री काम करणाऱ्याला बेस खरा किती आहे हे शेजाऱ्यांना न उठवता ऐकायला तेच लागतात. बंद कपाचे घेतले तर गाताना मायक्रोफोनमध्ये ठेका झिरपत नाही, उघड्या कपाच्यांवर तासन्‌तास मिक्सिंग करताना कान कमी थकतात. गायचं असेल तर आधी बंद कपाचे घ्या.